सतरा दिवसांचे क्योटो, तेरा महिन्यांचा सिंहस्थ

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना आमच्या गल्लीतले एक बागायतदार अण्णा आणि त्यांच्या घरच्या काकू संध्याकाळी घरी आले. मुलाने दोघांना जपानची सहल बुक करून दिली होती. हातात प्रवासी कंपनीचा छापील कागद होता. आठ दिवस, त्यांत तोक्यो, फुजी पर्वत, ओसाका आणि मध्ये एक दिवस क्योटो. त्या एका दिवसासमोर पाच ठिकाणे छापली होती. अण्णा म्हणाले, “भाऊ, तुम्ही एवढं वाचता. त्या गर्दीच्या गावात नेमकं काय पाह्यचं आन्‌ काय सोडायचं, ते एका कागदावर लिहून द्या.”

मी जपानला गेलेलो नाही. पण गेली काही वर्षे नाशिकच्या यात्रेच्या इतिहासामागे लागलो आहे आणि त्याच ओघात जपानी तीर्थयात्रांविषयी बरेच वाचले आहे. तो कागद लिहायला मला तीन आठवडे लागले. कारण क्योटोत काय पाहावे हा प्रश्न सोडवायला बसलो आणि माणसाला गर्दीच्या गावात फिरायला पूर्वी कोण शिकवत असे, या प्रश्नात अडकलो. त्याचे उत्तर शोधताना क्योटो आणि नाशिक एकमेकांशेजारी येऊन बसले. हा लेख त्या कागदाची मागची बाजू आहे.

दोन नद्या, दोन गावे

क्योटो आणि नाशिक लोकसंख्येने जवळपास सारखी आहेत. क्योटोची वस्ती चौदा लाखांच्या आसपास. नाशिक महानगराची २०११च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या जवळ. एकाच्या मधून कामो नदी वाहते, दुसऱ्याच्या मधून गोदावरी. क्योटो इ. स. ७९४ मध्ये राजधानी झाले आणि एकोणिसाव्या शतकात सम्राट तोक्योला जाईपर्यंत राजधानीच राहिले. क्योटो, उजी आणि ओत्सू मिळून सतरा मंदिरे, देवस्थाने आणि वास्तू १९९४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. नाशिककराला ओळखीची वाटावी अशी एक गोष्ट तिथल्या ‘गिओन’ या प्रसिद्ध वस्तीच्या नावात आहे. श्रावस्तीला अनाथपिंडिकाने बुद्धाला दिलेल्या जेतवन विहाराचे हे जपानी नाव. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला क्योटो तितकेसे परके नाही.

आज या दोन्ही गावांना माणसांचा लोंढा सोसावा लागतो. २०२४ मध्ये जपानात ३ कोटी ६८ लाख परदेशी प्रवासी आले. तोवरचा तो उच्चांक होता. क्योटोला देशी-परदेशी मिळून वर्षाला पाच कोटींहून अधिक लोक भेट देतात. नाशिकची गर्दी वर्षभर असतेच, पण ती बारा वर्षांनी एकदा सिंहस्थात फुटते. क्योटोचे पर्यटन आणि आपली यात्रा या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. परंतु अनोळखी माणसाने अरुंद जुन्या गावात यावे, काही पाहावे आणि धड परत जावे, ही अडचण दोन्हीकडे एकच आहे.

जपानने ती पुस्तकात लिहिली

क्योटोसाठी छापील मार्गदर्शक पुस्तके सतराव्या शतकापासून आहेत. नाकागावा किउनचे ‘क्यो वाराबे’ हे १६५८ सालचे पुस्तक त्यांतले आरंभीचे मानतात. म्हणजे इकडे शिवाजी महाराज कोकणात उतरत होते, त्या सुमारास क्योटोत देवळांची चित्रे आणि माहिती छापून विकली जात होती. पुढे १७८० मध्ये अकिसातो रितोचे ‘मियाको मेइशो झुए’ हे सचित्र सहा खंडी पुस्तक आले. त्यातली चित्रे पाहिली की गल्ली, पूल, चहाची दुकाने आणि त्यांतून चालणारी माणसे डोळ्यांसमोर येतात.

मला मात्र सर्वांत शहाणे वाटते ते या दोहोंमधले एक लहान पुस्तक. काइबारा एकिकेन हा वैद्य आणि पंडित. आरोग्याचे नियम सांगणारे त्याचे ‘योजोकुन’ जपानात आजही वाचले जाते. त्याने १७०६ मध्ये ‘केइजो शोरान’ लिहिले. त्यात क्योटो आणि आसपासची स्थळे सतरा फेऱ्यांत मांडली आहेत, प्रत्येक फेरी एका दिवसात पायी होईल अशी. त्यात स्थळांची यादी आहेच, पण यादीपेक्षा क्रम महत्त्वाचा. आज पूर्वेच्या डोंगरालगत जायचे, तर पश्चिमेचे नाव काढायचे नाही. वैद्याने औषधाची मात्रा ठरवावी तसा हा माणूस पाहण्याची मात्रा ठरवतो. अण्णांच्या छापील कागदावर पाच ठिकाणे शहराच्या तीन टोकांना होती. एकिकेनने त्यांना किमान तीन दिवस लावले असते.

आपण ती माणसाकडे सोपवली

आपल्याकडे असे पुस्तक नव्हते असे कोणी म्हणेल. ब्रह्मपुराणातले ‘गौतमी माहात्म्य’ उघडून पाहावे. शंभराहून अधिक अध्यायांचा हा भाग गोदावरीच्या दोन्ही तीरांवरची तीर्थे एकामागून एक सांगत जातो. तो नाशिकला थांबत नाही. नदीबरोबर खाली खाली समुद्रापर्यंत उतरतो. आज गोदावरी म्हटले की डोळ्यांसमोर एकटे रामकुंड येते. पोथीची नजर मात्र साऱ्या काठावर होती. तिच्या हिशेबाने पुण्य सगळ्या नदीला वाटून दिलेले आहे.

पोथी सर्वांना वाचता येत नव्हती. ते काम क्षेत्रोपाध्याय करत. गावाचे आणि आडनाव सांगितले की उपाध्याय आपली वही काढणार. तिच्यात तुमचा आजा, पणजा कधी आला होता ते सापडणार. वंशावळीसाठी या वह्या धुंडाळणारे पुष्कळ आहेत. पण उपाध्याय यात्रेची व्यवस्थाही बघत, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. उतरायचे कुठे, स्नान किती वाजता, कपालेश्वर आधी की काळाराम, तपोवनात ऊन चढायच्या आत कसे पोहोचायचे, म्हाताऱ्या माणसाने कोणत्या पायऱ्या टाळायच्या, हे सगळे तो सांगे. एकिकेनचे पुस्तक सर्वांना एकच सल्ला देत होते. आमचा उपाध्याय समोरच्या कुटुंबाकडे पाहून सल्ला देई.

जपानातही अशी माणसे होती. इसे येथील महादेवस्थानाच्या यात्रेत ‘ओशी’ नावाचे तीर्थपुरोहित असत. गावोगावचे यजमान त्यांना वाटून दिलेले असत. ते दरवर्षी गावात येऊन देवाचा प्रसाद आणि पंचांग वाटत, आणि यजमान यात्रेला आला की त्याला आपल्या घरी उतरवून घेत. १७०५ मध्ये पन्नास दिवसांत सुमारे ३६ लाख, तर १८३० मध्ये काही महिन्यांत सुमारे ४८ लाख लोक इसेला गेल्याची नोंद मिळते. जपानची एकूण वस्ती तेव्हा तीन कोटींच्या आसपास होती. इतकी माणसे रेल्वे नसताना, लाउडस्पीकर नसताना जाऊन आली, त्यामागे वाटेवरच्या गावांचा पाहुणचार होता आणि ओशींचे हे जाळेही होते. मेइजी सरकारने १८७१ मध्ये ओशींची पद्धत बंद केली. आपल्याकडे अशी आज्ञा कोणी काढली नाही. एसटी, लॉज आणि नंतर मोबाइल आले तशी उपाध्यायाकडे उतरण्याची गरज आपोआप कमी होत गेली.

काळ वाटून देणे, जागा वाटून देणे

सिंहस्थाचे मूळ गणित पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गुरू सिंह राशीत असेपर्यंत गोदावरीस्नानाचे माहात्म्य आहे. हा काळ साधारण तेरा महिन्यांचा असतो. मागच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण १४ जुलै २०१५ रोजी झाले आणि ध्वज उतरला ११ ऑगस्ट २०१६ रोजी. मधल्या कोणत्याही दिवशी आलेला यात्रेकरू सिंहस्थालाच आलेला असतो. पर्वणीचे मोजके दिवस आखाड्यांच्या शाही स्नानाचे. गृहस्थाने त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर, त्याच कुंडात उतरावे असे बंधन नाही. परंपरेने काळ ऐसपैस दिला होता, तो आपण तीन दिवसांत कोंबला.

जागेचेही तेच. पूर्वी शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात आधी स्नान कोणाचे यावरून भांडणे होत. १७८९च्या सिंहस्थात त्यावरून रक्तपात झाला. वाद पेशव्यांच्या दरबारात गेला आणि १८१३च्या निवाड्याने शैव आखाड्यांनी त्र्यंबकला, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करावे असे ठरले, असा ताम्रपटाचा दाखला अभ्यासक देतात. ती वाटणी आजही पाळली जाते. देवाधर्माच्या भाषेत लिहिलेला तो निवाडा मला गर्दीच्या नियोजनाचा महाराष्ट्रातला एक जुना दस्तऐवज वाटतो. एका ठिकाणी मावत नाही, तर दोन ठिकाणे करा, आणि दोन्हींचा मान सारखा ठेवा. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा, कारण दुय्यम ठरवलेल्या घाटावर कोणी जात नाही.

जुन्या शिस्तीची दुसरी बाजू

इथवर वाचून जुने ते सगळे सोने, असा सूर कोणाला ऐकू आला असेल तर तो खोडणे भाग आहे. उपाध्यायाच्या वहीत सगळ्यांची नावे नव्हती. जुन्या नाशिकची शिस्त काही प्रमाणात माणसांना बाहेर ठेवूनच साधलेली होती. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिक जिल्ह्यातले कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते. हजारो सत्याग्रही आले आणि मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. लढा काही वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत. आणि १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. येवला आणि आमचे सायखेडा एकाच जिल्ह्यात, आमच्यापासून काही तासांच्या वाटेवर.

म्हणून रामकुंडावरच्या आजच्या गर्दीकडे पाहताना मी नाक मुरडत नाही. त्या गर्दीत अशी पुष्कळ माणसे आहेत, ज्यांच्या आजोबांना तिथे पाऊल ठेवता येत नव्हते. ती आली हे चांगलेच झाले. प्रश्न इतकाच की कोणालाही न अडवता गर्दी विरळ कशी करायची.

हाच प्रश्न आज क्योटोला पडला आहे. गिओनमधल्या खासगी बोळांत पर्यटकांना २०२४ पासून बंदी आहे. आत गेल्यास दहा हजार येन दंड होईल अशा पाट्या लागल्या. चालत जाणाऱ्या गेइकोंच्या अंगावर कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांनी ही वेळ आणली. शहर बसचा स्वस्त दिवसभराचा पास २०२३ मध्ये विकणे थांबले, कारण पर्यटकांनी भरलेल्या बसमध्ये दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्यांना जागा मिळेना. मार्च २०२६ पासून मुक्कामाचा कर वाढवून सर्वांत महागड्या खोलीसाठी माणशी एका रात्रीला दहा हजार येनांपर्यंत नेण्याचे ठरले. बोळातली बंदी मला पटते. ते कोणाचे तरी अंगण आहे. पण नुसते दर वाढवून गर्दी कमी करायची तर शेवटी खिसा पाहून माणूस आत घेतला जातो. त्यापेक्षा क्योटोने केलेले दुसरे काम मोलाचे आहे. कोणत्या स्थळी कोणत्या वेळी किती गर्दी असेल याचा अंदाज शहर आधीच जाहीर करते. आणि फुशिमी, ओहारा, ताकाओ, यामाशिना, निशिक्यो, केइहोकु या कडेच्या भागांकडे पाहुण्यांना वळवण्याचा प्रयत्न करते. एकिकेनच्या सतरा फेऱ्यांनी तीनशे वर्षांपूर्वी हेच साधले होते.

अरुंद उतार

२७ ऑगस्ट २००३. सिंहस्थातली पर्वणी. काळारामाच्या बाजूने सरदार चौकातून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे गेली. त्यांत बायका अधिक होत्या.

त्याच्या दोन वर्षे आधी, २१ जुलै २००१ रोजी, जपानातल्या आकाशी शहरात आतषबाजी पाहायला जमलेल्या लोकांची स्टेशनजवळच्या पादचारी पुलावर अशीच कोंडी झाली. जाणारे आणि परतणारे पुलाच्या टोकाला एकमेकांसमोर आले. पूल सहा मीटर रुंद, पण खाली उतरणारा जिना तीन मीटरचा. एका चौरस मीटरमध्ये तेरा ते पंधरा माणसे अशी दाटी झाली. अकरा जण गेले, त्यांत नऊ मुले होती. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशात हे घडले. तेव्हा ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ हे वाक्य पुरेसे नाही. माणसाच्या शहाणपणाला एक मर्यादा आहे. चौरस मीटरला पाच-सहा माणसे झाली की कोणी आपल्या पायांवर चालत नाही. गर्दी पाण्यासारखी वाहते आणि तिच्या वाटेत अरुंद तोंड आले की दाब माणसाच्या छातीवर येतो. त्या क्षणी कोणताच सल्ला उपयोगाचा नसतो. सल्ला आदल्या दिवशी मिळालेला असावा लागतो.

आमच्या घरात तो मिळाला होता. २००३च्या त्या पर्वणीला माझ्या आईने नाशिकला जायचे नक्की केले होते. चार दिवस आधी काही कामाने पंचवटीत गेलेल्या वडिलांजवळ आमच्या उपाध्यायांनी निरोप दिला, “वहिनींना सांगा, पर्वणीला येऊ नका. गंगा तुमच्या दारावरून वाहतेय. तिथंच डुबकी घ्या, आणि नंतर निवांत कधीही या, मी सगळं करून देतो.” आई थोडी खट्टू झाली. पण त्या दिवशी पहाटे गावच्या काठावर स्नान करून आली. दुपारी बातमी कळली, तेव्हा ती देवघरासमोर बराच वेळ बसून होती. पर्वणीचा दिवस म्हणजे उपाध्यायाच्या कमाईचा दिवस. त्या दिवशी यजमानाला ‘येऊ नका’ म्हणणारा सल्लागार आता कुठे मिळेल, हा विचार मला त्यानंतर सुटला नाही. आज सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला, मग ती प्रवासी कंपनी असो की मोबाइलवर चित्रफिती करणारा मुलगा, आपण गेल्याने लाभ होतो. न गेल्याने कोणालाच होत नाही.

२०१५च्या सिंहस्थात व्यवस्था दुसऱ्या टोकाला गेली. नवे घाट बांधले गेले, वाटा एकेरी केल्या, हे चांगलेच होते. पण २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक ठेवला की लोकांना मैलोन्‌मैल चालावे लागले आणि पुष्कळ जण अर्ध्यातून परतले; टीका झाल्यावर पुढच्या पर्वणीला निर्बंध सैल करण्यात आले. आम्ही गावातले सात-आठ जणही त्या दिवशी कुंपणे पाहून माघारी फिरलो. दोन आठवड्यांनी साध्या वारी गेलो, तर तासाभरात स्नान-दर्शन आटोपले. सिंहस्थ तोच, गंगा तीच.

एका कामासाठी जपानला गेलेला म्हातारा

काळारामचा सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी एक मराठी माणूस तोक्योत होता. महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ मध्ये जगाच्या प्रवासाला निघाले आणि युरोप-अमेरिका करून जपानमार्गे १९३० मध्ये परतले. वय सत्तरीपुढचे. जपानशी त्यांचा संबंध मात्र पंधरा वर्षांचा जुना होता. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये तोक्योत स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका १९१५च्या सुमारास टपालाने त्यांच्याकडे आली होती. तिच्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये आपले महिला विद्यापीठ उभे केले. जे विद्यापीठ पुस्तिकेत पाहून आपले आयुष्य त्या वाटेने नेले, ते त्यांनी अखेर डोळ्यांनी पाहिले. तोक्योत जाऊन एवढी एक गोष्ट पाहिली, तरी त्यांचा प्रवास पुरा झाला असता.

पुलंचे ‘पूर्वरंग’ मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. साठच्या दशकात त्यांनी घरोघरी पोहोचवलेल्या जपानची एक खूण आज पुण्यात आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहरातल्या कोराकुएन या १७००च्या सुमारास पुऱ्या झालेल्या बागेच्या धर्तीवर केले आहे. ही चालत चालत पाहायची बाग. वाट अशी वळवलेली असते की एका वेळी एकच देखावा दिसावा. पुढचा वळणाआड राहतो. क्योटोच्या र्योआनजी मंदिरातल्या वाळूच्या बागेत पंधरा दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसले तरी एखादा दगड नजरेआडच राहतो. सगळे एकदम दिसत नाही, हे तिथे बाग करणाऱ्यानेच ठरवून ठेवले आहे.

कागद

एवढे झाल्यावर मी अण्णांचा कागद लिहिला, तो असा.

पहिले, तारीख बदला. २९ एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानात सलग सुट्ट्या असतात आणि सारा देश घराबाहेर पडतो. तुमची सहल नेमकी त्यात आहे. दहा मेनंतरची तुकडी असेल तर तीत नाव घाला. कधी पुन्हा जाणे झाले, तर एप्रिलच्या सुरुवातीचा साकुराचा बहर, ऑगस्टच्या मध्यातले पितरांचे दिवस आणि नोव्हेंबरअखेरची लाल पानांची गर्दीही लक्षात ठेवा.

दुसरे, पाचपैकी दोनच ठिकाणे पाहा, आणि ती एकाच दिशेची. फुशिमी इनारीला फाटक नाही, तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही. सकाळी सहाला जा. लाल कमानींच्या पहिल्या वळणावर सगळे फोटो काढत थांबतात. तुम्ही वर चढत राहा. डोंगर सव्वादोनशे मीटरच्या थोडा वर आहे. अर्ध्या वाटेवर गाव दिसते, त्यापुढे माणसे विरळ होतात. नंतर पूर्वेच्या डोंगरालगतचे कियोमिझु. सोनेरी मंडप शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तो सोडा; त्याचे चित्र तुम्ही पाहिलेच आहे, आणि ती वास्तूही १९५० मध्ये जळाल्यावर १९५५ मध्ये पुन्हा बांधलेली आहे.

तिसरे, मोठी बॅग बरोबर वागवू नका. एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात सामान पाठवायची सोय तिथे सर्वत्र आहे. बसपेक्षा रेल्वे आणि पायी चाला. बसमध्ये चढलाच तर आधी गावच्या माणसाला जागा द्या.

चौथे, गिओनमध्ये मोठ्या रस्त्यावरूनच फिरा. बोळात शिरू नका, कोणाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. कचऱ्याचे डबे सापडणार नाहीत. पिशवी जवळ ठेवा आणि कचरा मुक्कामी घेऊन जा. चालताना खाऊ नका.

पाचवे, काकूंचे गुडघे दुखायला लागले की दिवस संपला असे समजा.

खालच्या काठावरून

अण्णा-काकू मेच्या तिसऱ्या आठवड्यात परतले. काकूंनी सांगितलेली गोष्ट एकच. इनारीच्या डोंगरावर वरच्या बाजूला एका दगडावर त्या अर्धा तास बसल्या, कुठेतरी पाणी वाहत होते, आणि येणारी-जाणारी माणसे हळू आवाजात काही म्हणून पुढे जात होती. “गर्दीचं गाव म्हणत होते तुम्ही,” त्या म्हणाल्या, “मला तर गर्दी दिसलीच नाही.”

आता सिंहस्थ पुन्हा आला आहे. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि ध्वज २४ जुलै २०२८ रोजी उतरेल. गुरूच्या वक्री गतीमुळे या वेळी काळ तेरा महिन्यांवरून जवळपास एकवीस महिन्यांवर गेला आहे. परंपरेने एवढी मोकळीक क्वचितच दिली असेल. तरी सगळी तयारी पर्वणीच्या दिवसांभोवती चालली आहे.

आमचे सायखेडा नाशिकच्या खाली पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. नाशिकला जे होते ते नदी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आणते. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये ती घरादारात शिरली. एरवी पाणवेली वाहत येतात आणि आमच्या पुलाला अडकून राहतात; त्यापुढे नांदूर मधमेश्वरला, महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळाच्या पाण्यात, पक्षी उतरतात. २००३ मध्ये आईला ‘गावच्या काठावर डुबकी घ्या’ सांगणे सोपे होते. आज तोच सल्ला पाहुण्याला देताना मी आधी पाण्याकडे बघतो. गर्दी साऱ्या नदीकाठी पसरायची तर सारा काठ उतरण्याजोगा असला पाहिजे. रामकुंड स्वच्छ ठेवून खालचा काठ तसाच सोडला, तर लोक रामकुंडावरच येणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही. १८१३च्या निवाड्यातली दुसरी अट, दोन्ही जागांचा मान सारखा, हीच इथे लागू होते.

गेल्या महिन्यात काकू पुन्हा आल्या. माहेरची पंधरा-वीस माणसे सिंहस्थाला यायची म्हणताहेत, त्यांना पाठवायला तसाच एक कागद लिहून द्या, म्हणाल्या. या वेळी तीन आठवडे लागले नाहीत. पहिली ओळ तिथल्या तिथे लिहिली: २०२७ची २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर एवढे तीन दिवस सोडून कधीही या, घर आपलेच आहे.